शिट्टी कोणाच्या बाजूने वाजते?

पैसे घेऊन केलेली लबाडी आणि प्रामाणिक पंचाच्या हातून नकळत होणारा पक्षपात, दोन्ही मैदानावर सारखेच दिसतात. मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या आकडेवारीतून संशोधकांनी हा फरक उलगडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा खेळापेक्षा माणसाच्या मनाबद्दलच जास्त कळले.

तारीख ३१ मे २००२. ‘एनबीए’ या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये पश्चिम विभागाची अंतिम मालिका रंगात आली होती. सात सामन्यांच्या या मालिकेत सॅक्रामेंटो किंग्ज ३-२ असे पुढे होते. आणखी एक विजय मिळाला की ते थेट अंतिम फेरीत जाणार होते. सहावा सामना लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे लेकर्स संघाच्या घरच्या मैदानावर होता. सामन्याच्या अखेरच्या बारा मिनिटांच्या सत्रात लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो मिळाले. त्याआधीच्या तीन सत्रांत मिळून त्यांना १३ मिळाले होते.

प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य धक्का दिला किंवा हात मारला, की पंच शिट्टी वाजवून फाऊल देतो. फटका टिपणाऱ्या खेळाडूला असा धक्का बसला, तर त्याला कोणाचाही अडथळा नसताना बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी मिळते. हाच फ्री थ्रो. चेंडू आत गेला की एक गुण. लेकर्सनी तो सामना १०६-१०२ असा, म्हणजे अवघ्या चार गुणांनी जिंकला. दोन दिवसांनी सातवा सामनाही त्यांनीच जिंकला आणि पुढे विजेतेपदही पटकावले.

सॅक्रामेंटोत संतापाची लाट उसळली. ग्राहक चळवळीचे ज्येष्ठ नेते राल्फ नेडर यांनी एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना पत्र लिहून पंचगिरीची चौकशी करण्याची मागणी केली. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली तर तिकिटे जास्त खपतात, दूरचित्रवाणीवर जाहिराती जास्त मिळतात, मग हे सारे ठरवूनच झाले नसेल कशावरून, असा सवाल चाहते करू लागले. दुसरी बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे, की शकील ओनीलसारखा महाकाय खेळाडू बास्केटखाली उभा असला की त्याला अडवताना फाऊल होणारच. खरोखर फाऊल झाले म्हणूनच ते दिले गेले. या दोन टोकांच्या मधे आणखी एक शक्यता होती. पंचांना कोणी विकत घेतलेले नव्हते, तरीही त्यांचा निवाडा एका बाजूला झुकला असेल तर? त्या वेळी तिची फारशी चर्चा झाली नाही.

खरा चोर सापडला तेव्हा

पाच वर्षांनी, जुलै २००७ मध्ये, संशयाला खरोखरचा चेहरा मिळाला. टिम डोनाघी हा एनबीएमध्ये तेरा हंगाम काम केलेला पंच. तो स्वतः सट्टा खेळतो आणि सट्टेबाजांना माहिती पुरवतो, याचा तपास ‘एफबीआय’ करत असल्याचे उघड झाले. ऑगस्टमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याने सांगितलेला अंदाज बरोबर आला तर त्याला सुरुवातीला दोन हजार डॉलर मिळत आणि पुढे हा दर पाच हजारांवर गेला. जुलै २००८ मध्ये त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. त्याच्या दोन साथीदारांनाही शिक्षा झाली.

डोनाघी विकत होता ती मुख्यतः माहिती. कोणत्या सामन्याला कोणते पंच असणार, हे त्या काळी सामना सुरू होण्याच्या जेमतेम आधीपर्यंत गुप्त असे. कोणत्या पंचाचे कोणत्या खेळाडूशी पटत नाही, कोण हात राखून शिट्टी वाजवतो, कोणता खेळाडू दुखापत लपवून खेळतो आहे, हे त्याला आतून ठाऊक होते. सट्टेबाजाच्या दृष्टीने ही माहिती सोन्याच्या मोलाची होती.

स्वतःच्या सामन्यांत त्याने मुद्दाम चुकीचे निर्णय दिले का? सरकारी पक्षाने न्यायालयाला कळवले, की एखादा विशिष्ट निर्णय त्याने पैजेसाठी जाणूनबुजून दिल्याचा पुरावा मिळालेला नाही. त्याच निवेदनात पुढे एक लक्षवेधी वाक्य होते. सामन्याच्या निकालात पैसे गुंतलेले असल्यामुळे आपल्या तटस्थपणाला बाधा आली आणि मैदानावरच्या कामावर त्याचा नकळत परिणाम झाला असू शकतो, अशी कबुली डोनाघीने दिली होती.

एनबीएने वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला. डोनाघीशिवाय दुसऱ्या कोणत्याही पंचाने असा गुन्हा केल्याचे त्यात आढळले नाही. तत्पूर्वी डोनाघीने न्यायालयीन कागदपत्रांतून असा आरोप केला होता, की २००२ मधील एका मालिकेत दोन पंचांनी लीगच्या हितासाठी मालिका लांबवली. त्याने संघांची नावे घेतली नव्हती, पण रोख लेकर्स-किंग्ज सामन्याकडे होता हे सर्वांना कळले. शिक्षा टाळू पाहणाऱ्या गुन्हेगाराचे हे बोलणे आहे, असे म्हणत लीगने आरोप फेटाळला. पेडोविट्झ यांनाही त्याला आधार सापडला नाही.

पुढे २०१९ मध्ये ‘ईएसपीएन’ या क्रीडावाहिनीच्या पत्रकारांनी डोनाघीच्या त्या हंगामातील सामन्यांची चित्रफीत पुन्हा तपासली आणि प्रत्येक शिट्टीची नोंद केली. ज्या संघावर जास्त पैसा लागला होता, त्याच संघाच्या बाजूने डोनाघीचे निर्णय वारंवार झुकलेले दिसले. केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता काही हजारांत एक इतकी कमी होती. तरीही आकडे त्याचा हेतू सांगू शकत नाहीत. निर्णय झुकले एवढेच ते सांगतात. ते जाणूनबुजून झुकवले की आपोआप झुकले, हे फक्त त्याच्या मनाला माहीत.

पंचाला नेमके दिसते काय?

बास्केटबॉलचे मैदान जेमतेम २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. त्यात दहा धिप्पाड खेळाडू धावत, उडी मारत, एकमेकांवर आदळत असतात. एनबीएमध्ये तीन पंच असतात, तरी प्रत्येक घटनेकडे बहुतेकदा एकाचीच नजर असते. दोन खेळाडू हवेत एकमेकांवर आपटले, तर दोष कोणाचा? बचाव करणारा खेळाडू वेळेत जागा धरून उभा होता की ऐनवेळी आडवा आला, यावर निर्णय ठरतो. हा फरक कधीकधी डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळाचा असतो.

डोळा कॅमेऱ्यासारखा सलग चित्र घेत नाही. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते, त्या क्षणी मेंदू दृष्टीची माहिती जवळपास दाबूनच ठेवतो. राहिलेल्या फटी तो अनुभवाने आणि अपेक्षेने भरून काढतो. या खेळाडूची ख्याती काय, आधी काय घडले, आजूबाजूला काय ऐकू येते, या सगळ्याचा आधार मेंदू घेतो. हे सदोष मेंदूचे लक्षण नाही. रस्ता ओलांडताना, गर्दीत ओळखीचा चेहरा शोधताना आपण सारे हेच करतो. मात्र अंदाज बांधताना एखादी चुकीची खूण वजनात भारी पडली, की निवाडा झुकतो आणि झुकल्याचे स्वतःला कळतही नाही.

अशी सर्वांत ठळक खूण म्हणजे प्रेक्षकांचा गोंगाट. इंग्लंडमधील अॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग फुटबॉलवरचा आहे, पण तो सगळ्याच पंचांना लागू पडेल. त्यांनी ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर सिटी यांच्यातील एका सामन्यातील ४७ झटापटींची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, तर काहींना आवाज पूर्ण बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध, म्हणजे लिव्हरपूलविरुद्ध, १५.५ टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्या संघाला त्यांनी जास्त शिक्षा केली असे नव्हे, घरच्या संघाला थोडी जास्त माफी दिली. हे पंच मैदानावर नव्हते, त्यांना कोणी शिव्या घालणार नव्हते, कोणी पैसेही दिले नव्हते. शंका असेल तिथे हजारो लोकांना न आवडणारा निर्णय टाळावा, एवढेच त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते.

बास्केटबॉलमध्ये याचा माग काढण्यासाठी जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनिएल स्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी एक चांगली युक्ती वापरली. चेंडू गमावण्याचे दोन प्रकार असतात. चुकीचा पास देऊन चेंडू घालवला, तर तिथे पंचाला ठरवण्यासारखे काही नसते. चेंडू न टप्पा मारता पावले टाकली किंवा आक्रमण करताना धक्का दिला, तर ते ठरवणे पंचाच्या हाती असते. घरचा संघ केवळ चांगला खेळत असेल, तर दोन्ही प्रकारांत सारखाच फरक दिसायला हवा. प्रत्यक्षात पंचाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या प्रकारात घरच्या संघाला जास्त सूट मिळताना दिसली. त्याशिवाय सामन्यात पिछाडीवर असलेल्या संघाला आणि मालिकेत मागे पडलेल्या संघालाही.

आता २००२ च्या त्या सामन्याकडे पुन्हा पाहावे. लेकर्स घरच्या मैदानावर होते आणि मालिकेत मागे होते. म्हणजे ज्यांच्याकडे निर्णय सरासरीने किंचित झुकतात, त्या गटांपैकी दोनांत ते बसत होते. यावरून त्या रात्री काय घडले हे सिद्ध होत नाही, कारण सरासरी एका सामन्याचा निकाल सांगू शकत नाही. पण कटकारस्थान न मानताही निर्णय एका बाजूला कसे झुकू शकतात, याची वाट त्यातून दिसते. हरणाऱ्याला थोडे सांभाळून घेणे हा माणसाचा स्वभाव आहे. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या ३६५ सामन्यांचा अभ्यास करणाऱ्या दोन संशोधकांनाही असेच दिसले. एका संघाविरुद्ध फाऊल साचत गेले, की पुढचा फाऊल दुसऱ्या संघाविरुद्ध दिला जाण्याची शक्यता वाढत जाते. आपण समतोल ठेवला असे पंचाला वाटते आणि त्या नादात जास्त फाऊल करणाऱ्या संघाला ते पचून जातात.

पंचविसात एक फाऊल

डोनाघी प्रकरण फुटण्याच्या दोनच महिने आधी, मे २००७ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका अभ्यासाची बातमी पहिल्या पानावर छापली. तो जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स यांचा होता. एनबीएचे खेळाडू बहुसंख्य कृष्णवर्णीय, तर पंच त्या काळात बहुसंख्य गौरवर्णीय. पंचांची नेमणूक करताना खेळाडूंच्या वर्णाचा विचार होत नाही. त्यामुळे एकाच खेळाडूला कधी तिन्ही गौरवर्णीय, कधी मिश्र, तर कधी तिन्ही कृष्णवर्णीय पंच मिळतात. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवावी लागली असती ती तुलना इथे आपोआप होत होती.

१९९१-९२ पासूनच्या तेरा हंगामांतील अडीच लाखांहून अधिक नोंदी त्यांनी तपासल्या. एकूण एक सामन्यात एक खेळाडू, अशी प्रत्येक नोंद. पंच आपल्याच वर्णाचे असले, की खेळाडूवर सुमारे चार टक्क्यांपर्यंत कमी फाऊल लागत आणि त्याचे गुण अडीच टक्क्यांपर्यंत वाढत. चार टक्के म्हणजे पंचविसात एक फाऊल. एखाद्या सामन्यात हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. प्रशिक्षकाला, समालोचकाला, खुद्द पंचालाही नाही. पण हजारो सामन्यांची बेरीज केली, की तो लपत नाही.

एनबीएने हा निष्कर्ष अमान्य केला. आपल्याकडील जास्त तपशीलवार नोंदींत असे काही दिसत नाही, असे लीगचे म्हणणे होते. वाद बराच रंगला. अखेर २०१० मध्ये हा अभ्यास ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पंच वर्णद्वेष्टे आहेत असा संशोधकांचा दावा नव्हता. क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो तेव्हा मनाच्या तळाशी बसलेल्या समजुती पुढे येतात, इतकेच त्यातून सूचित होत होते.

आकडे चोर पकडू शकतात का?

आकड्यांतून नकळत होणारा पक्षपात सापडतो, मग सामनानिश्चिती का सापडू नये? वोल्फर्स यांनी तोही प्रयत्न करून पाहिला. अमेरिकेत बास्केटबॉलवर सट्टा लागतो तो बहुतेकदा कोण जिंकणार यावर नव्हे, तर किती गुणांनी जिंकणार यावर. तगडा संघ चौदा गुणांनी जिंकेल असा बाजारभाव असला, तर फरक त्याहून जास्त की कमी, यावर पैज लागते. इथेच लबाडीला वाव मिळतो. खेळाडूने हरायची गरजच नाही. सामना जिंकायचा, फक्त फरक थोडा कमी ठेवायचा. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजसह अनेक महाविद्यालयांचे खेळाडू अशाच प्रकारात पकडले गेले होते. सिटी कॉलेजचा संघ त्याच्या आदल्याच वर्षी देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकला होता.

वोल्फर्स यांनी ४४,१२० महाविद्यालयीन सामने तपासले. अतिशय तगडे संघ सामना जिंकत होते, पण बाजाराने धरलेला फरक अपेक्षेपेक्षा थोडे कमी वेळा गाठत होते. त्यावरून २००६ मध्ये त्यांनी अंदाज बांधला, की अशा तगड्या संघांच्या सुमारे सहा टक्के सामन्यांत काहीतरी गडबड असावी. वृत्तपत्रांत मोठे मथळे झळकले.

चार वर्षांनी डॅन बर्नहार्ट आणि स्टीव्हन हेस्टन यांनी साधा प्रश्न विचारला. ज्या सामन्यांत अशा लबाडीला काही कारणच नव्हते, तिथे काय दिसते? तिथेही हुबेहूब तसाच नमुना दिसला. त्याचे कारणही सोपे निघाले. मोठी आघाडी मिळाली, की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतो, संघ चेंडू हातात ठेवून वेळ काढतो आणि फरक आपसूक आटतो. खेळाची साधी रीत आकड्यांत लबाडीसारखी दिसली होती.

रक्ततपासणीचा एक आकडा वाढला म्हणून डॉक्टर लगेच रोगाचे नाव लिहून मोकळे होत नाहीत, तसेच हे आहे. विचित्र आकडा पुढची तपासणी करायला सांगतो. डोनाघीही आकडेतज्ज्ञांच्या हाती लागला नव्हता. त्याच्याविरुद्ध खटला उभा राहिला तो पैशांचा माग, साथीदारांचे जबाब आणि त्याची स्वतःची कबुली यांवर.

प्रेक्षकही तटस्थ नसतो

पंचाला दोष देणाऱ्या प्रेक्षकाच्या डोळ्यांचे काय? नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. तो फार दांडगाईने खेळला गेला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना ४.३. सामना एक, चित्रफीत एक आणि आकड्यात दुपटीहून अधिक तफावत. विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. ज्याला जे दिसले, तेच त्याने लिहिले होते.

म्हणून ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले’ हा सामनानिश्चितीचा पुरावा होऊ शकत नाही. संशय खरा असू शकतो, पण तो सिद्ध करायला नोंदी लागतात, पैशांचा हिशेब लागतो आणि ज्याची या निकालात काही गुंतवणूक नाही असा तपासनीस लागतो.

नुसते कळले तरी

या सगळ्या कथेतला सर्वांत आशादायक भाग नंतर आला. प्राइस आणि वोल्फर्स यांनी डेव्हिन पोप यांना सोबत घेऊन पुढच्या हंगामांची तपासणी केली. जुन्या अभ्यासानंतरच्या, पण बातमी येण्याआधीच्या हंगामांत पक्षपात पूर्वीसारखाच होता. मे २००७ मध्ये बातमी गाजली आणि त्यानंतरच्या तीन हंगामांत तो जवळजवळ नाहीसा झाला. संशोधकांनी लीगकडे विचारणा केली. पंचांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण दिले नव्हते, त्यांच्या मोबदल्यात बदल केला नव्हता, कोणाला शिक्षाही केली नव्हती. आपल्या हातून असे घडते आहे, हे पंचांना कळले होते. तेवढ्यानेच फरक पडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१८ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये हा अभ्यास छापून आला.

इथेही थोडे जपून बोलायला हवे. त्याच उन्हाळ्यात डोनाघी प्रकरण घडले आणि प्रत्येक पंचावर सगळ्यांचे डोळे लागले. त्यामुळे कोणत्या प्रकाशाने काय उजळले, हे पूर्णपणे वेगळे काढणे अवघड आहे. दोन्हींचा अर्थ मात्र एकाच दिशेला जातो. जे मोजले जाते आणि उघडपणे सांगितले जाते, ते सुधारू शकते.

लीगनेही मग हीच वाट धरली. पंचांची नावे सामन्याच्या दिवशी सकाळीच जाहीर होऊ लागली. जे सर्वांना ठाऊक आहे ते चोरून विकता येत नाही, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. २०१४ मध्ये न्यू जर्सीतील सिकॉकस इथे चित्रफीत तपासणारे केंद्र सुरू झाले. १ मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध होऊ लागला. कोणता निर्णय बरोबर होता, कोणता चुकला, कोणती शिट्टी वाजायला हवी होती पण वाजली नाही, हे त्यात एकेक करून लिहिलेले असते. काही खेळाडूंना आणि पंचांना हे आवडत नाही. निकाल तर बदलत नाही, मग चूक चव्हाट्यावर कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो.

क्रिकेटच्या चाहत्यांना हा मार्ग परिचयाचा आहे. पूर्वी कसोटी सामन्यात दोन्ही पंच यजमान देशाचेच असत आणि पाहुणा संघ पायचीतच्या निर्णयांवर कायम कुरकुर करी. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्यातील कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. तटस्थ पंचांची आधुनिक सुरुवात तिथून झाली. २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ असण्याची पद्धत रुळली. पुढे ब्रिटनमधील संशोधकांनी शेकडो कसोटी सामन्यांतील पायचीतचे निर्णय तपासले, तेव्हा यजमान पंच असताना पाहुण्या संघाचे फलंदाज जास्त पायचीत होत आणि दोन्ही पंच तटस्थ झाल्यावर हा फरक उरला नाही, असे दिसले. पाहुण्यांची कुरकुर अगदीच निराधार नव्हती आणि यजमान पंच लबाड होते असेही नव्हे.

सट्टा जेव्हा आजार होतो

नकळत होणाऱ्या पक्षपातावर माहितीचा उजेड चालतो. मुद्दाम केलेल्या लबाडीला तो पुरत नाही, कारण तिच्यामागे पैसा असतो आणि बरेचदा व्यसनही असते. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील देशव्यापी निर्बंध रद्द केले आणि त्यानंतर एकेक राज्याने तो कायदेशीर केला. आता सट्टा बुकीच्या अंधाऱ्या खोलीतून खिशातल्या मोबाइलवर आला आहे. एका खेळाडूने किती गुण केले, किती वेळा चेंडू पकडला, यावरही पैज लागते. अशी पैज बिघडवायला एकटा खेळाडू पुरेसा असतो, त्यासाठी पंचाची गरजही लागत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर याच्यावर आजन्म बंदी घातली. त्याने आपल्या प्रकृतीची माहिती सट्टेबाजांना दिली होती. एका सामन्यात तर तीन मिनिटे खेळून, आजारी असल्याचे सांगून त्याने मैदान सोडले होते. कारण त्याच्या कमी गुणांवर मोठी पैज लागली होती. सट्टा कंपनीला ती संशयास्पद वाटली आणि प्रकार उघड झाला. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तो जुगाराच्या व्यसनात अडकला होता, असे त्याच्या वकिलांनी सांगितले. डोनाघीच्या बाजूनेही हेच सांगितले गेले होते.

हा केवळ बचावाचा मुद्दा म्हणून उडवून लावता येणार नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ पासून जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्याच गटात ठेवले आहे. तीच मजा मिळवण्यासाठी पैजेची रक्कम वाढवत नेणे, हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, घरच्यांपासून लपवणे, थांबायचे ठरवूनही थांबता न येणे ही त्याची लक्षणे. समुपदेशन आणि उपचारांनी त्यातून बाहेर पडता येते. व्यसन गुन्ह्याची जबाबदारी पुसून टाकत नाही. मात्र पंच किंवा खेळाडू या गर्तेत उतरतो आहे, हे वेळीच ओळखून त्याला मदत मिळाली, तर सट्टेबाजाला त्याचा हात पिरगळायला वाव राहत नाही.

पंचाची शिट्टी शंभर टक्के बिनचूक होईल, अशी अपेक्षा विज्ञान करत नाही. ती कोणत्या बाजूला किती झुकते हे मोजता यावे आणि मोजलेले सर्वांसमोर मांडले जावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. २००२ च्या त्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल निघाला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. तो निघाला असता तर लेकर्सचा विजय कदाचित कायमच राहिला असता. मात्र कोणत्या शिट्ट्या बरोबर होत्या आणि कोणत्या चुकल्या, हे लीगलाच दुसऱ्या सकाळी लिहून द्यावे लागले असते. तसे झाले नाही, म्हणून सॅक्रामेंटोचे चाहते त्या २७ फ्री थ्रोंचा हिशेब आजही आपापल्या मनात मांडत बसतात.